सरांची उजवी बाजू

"तुमच्या नगरच्या पोरींना मानेचा काही त्रास आहे का गं?" प्रभुणे सरांनी विचारलं.

सांगलीच्या स्टेडियममध्ये जिन्याखाली मी पुरीभाजीचं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुपारी तीनला माझी फायनल होती. प्रभुणे सर पुण्याचे, पंच म्हणून जुने. सकाळच्या फेरीत त्यांनी आम्हाला गुण दिले होते.

"चेष्टा नाही करत," ते म्हणाले. "फायनलला मी पंच नाही, म्हणून बोलतोय. तुझे पाय बघितले मी. असे पाय या हॉलमध्ये दुसरे नाहीत. पण दर वळणाला तू मान डावीकडे का टाकतेस? नजर समोरून हलली की दशांश जातो. तुझी सहा वेळा हलते. आणि तिसऱ्या नंबरपासून तू किती मागे आहेस?"

"तीन दशांश."

"मग? बेरीज-वजाबाकी येते ना?"

"ती चाहूल आहे, सर," मी म्हटलं.

"काय आहे?"

"चाहूल. आमच्या सरांची आहे ती."

त्यांनी माझ्या पाकिटातली एक पुरी उचलली आणि जाता जाता म्हणाले, "असेल. पण पुस्तकात नाही."

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. मी तेवीस वर्षांची होते आणि थकलेली होते. तेविसाव्या वर्षी माणूस थकतं का, असं विचारणाऱ्यांनी लागोपाठ दोन वर्षं राज्य स्पर्धेत चौथं येऊन बघावं. पहिल्या तिघांना पदक मिळतं, पदकावर सरकारी नोकरीतली खेळाडूंची राखीव जागा मिळते. चौथ्याला पाठीवर थाप मिळते. माझे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून त्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. वनखात्यात लिपिकाच्या जागा निघाल्या होत्या. अण्णा तोंडानं काही म्हणत नसत, पण जाहिरातीचं कात्रण त्यांनी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेलं मला माहीत होतं. यंदा नाही जमलं तर हे सगळं सोडायचं आणि मामांनी आणलेल्या स्थळाला हो म्हणायचं, असं ठरलं होतं. माझ्याच तोंडून ठरलं होतं.

माझा खेळ तायक्वांदो. पण समोरासमोरच्या लाथाबुक्क्यांचा नव्हे. आमच्यात एक प्रकार असतो, पूमसे. एकट्यानं पटावर उभं राहायचं आणि न दिसणाऱ्या शत्रूंशी ठरलेल्या क्रमानं लढायचं. हात कुठे, पाय कुठे, नजर कुठे, सगळं ठरलेलं. समोर पाच पंच बसतात आणि तुमच्या चुका वेचतात.

आमच्या नगरला हा खेळ आणला बेक सरांनी. बेक इन-सू. नगरच्या लोकांनी पहिल्या आठवड्यातच त्यांचं बेग करून टाकलं, आणि पोस्टमन शेवटपर्यंत 'बेगसाहेब' म्हणूनच हाक मारायचा. एकोणीसशे पंच्याहत्तर साली लष्करातल्या अधिकाऱ्यांना शिकवायला म्हणून ते दोन वर्षांच्या करारावर कोरियातून आले. संध्याकाळी वेळ जायचा नाही म्हणून भिंगारमध्ये बंद पडलेल्या सोडावॉटरच्या कारखान्याची शेड भाड्यानं घेतली, जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि गल्लीतल्या पोरांना शिकवायला लागले. करार संपला, परतीचं तिकीट आलं, तेव्हा अकरा पोरांची परीक्षा आठवड्यावर आली होती. सर म्हणाले, परीक्षा घेतो आणि जातो. ती परीक्षा झाली, मग पुढची आली. बत्तीस वर्षं ते परीक्षा घेऊन जाणारच होते.

त्या अकरा पोरांतले एक कराळेदादा. गंगाधर कराळे. दिल्ली दरवाजाबाहेर त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं, पण जीव शेडमध्ये. सर बोलत थोडं. 'पुन्हा' आणि 'पाय' एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी जिल्हाभर पोलीस, जवान आणि पीटीचे मास्तर तयार केले. त्यामुळे सरांच्या मनात काय आहे ते सांगण्याचं काम आपोआपच कराळेदादांकडे आलं. त्यांनी ते इतक्या भक्तीनं केलं की एक छापील पुस्तिकाच काढली. बत्तीस पानांची. सरांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी पहिल्या पानावर कोरियन अक्षरांत सही केली, झालं.

नियम तिसरा: गुरूंशी बोलताना त्यांच्या उजव्या बाजूसच उभे राहावे. डावी बाजू हृदयाची, ती मोकळी सोडावी. डावीकडून कुणी काही विचारलंच तर सर उत्तर देत नसत. सरळ समोर बघत राहत. लहानपणी मी एकदा तशी चूक केली होती, तेव्हा दादांनी मला शेडभोवती वीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

आणि पान चौदावर चाहूल. दिशा बदलण्यापूर्वी सर क्षणभर थांबत. मान किंचित डावीकडे वळे, हनुवटी डाव्या खांद्याकडे जाई. मग पुढची हालचाल. तेवढंच. पण ते सर करत म्हणून आम्ही सगळेच करत होतो, आणि ज्याची मान वळली नाही त्याला दादा परीक्षेत नापास करत. बाहेरगावी आम्हाला लोक लांबून ओळखायचे. नगरची पोरं आली, म्हणायचे. आम्हाला त्याचा गर्व होता.

त्या दुपारी जिन्याखालून उठले ती मी आधी दादांकडे गेले. ते बाटल्यांमध्ये पाणी भरत होते.

"दादा, फायनलला चाहूल नाही घेतली तर?"

त्यांनी नळ बंद केला. "काय म्हणली?"

"सहा दशांश जातात. प्रभुणे सर म्हणाले."

"कोन प्रभुणे? आपल्या सरांनी भिंगारात ताडपत्री हातरली तवा ह्यो प्रभुणे पाळण्यात असंल."

"दादा, मला तीनच दशांश पाहिजेत."

"आगं, कारकुनीपायी?" दादांचा आवाज मुळातच बारीक, चिडले की आणखी चिरकायचा. "त्या मानसानं देश सोडला, लगीन नाय केलं, सोड्याच्या शेडात जल्म काढला. आपल्याला एक खूण दिली. ती तू कारकुनीपायी पुसून टाकनार? सर समूर बसल्यात. त्यांच्या डोळ्यांदेखत?"

"मग सरांनाच विचारते."

"इचार की. तोंड हाय तुला?"

नव्हतं, खरं तर. नऊ वर्षांची असल्यापासून मी सरांपुढे होते आणि चौदा वर्षांत त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. तसा नियम कुठे छापलेला नव्हता. पण कुणी विचारत नसे, म्हणून कुणीच विचारत नसे.

सर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर एकटेच बसले होते. सहासष्ट वर्षांचे, बारीक, ताठ. त्यांच्या उजवीकडे आमच्या सगळ्यांच्या पिशव्यांचा ढीग होता. तिथे बसायला जागा नव्हती. मी क्षणभर घुटमळले आणि मग डावीकडेच टेकले. पिशव्या हलवायचं त्राणसुद्धा नव्हतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, नियम मोडायचाच आहे तर सगळेच मोडू, असं काहीतरी डोक्यात होतं.

"सर," मी म्हटलं, "आज मी मान नाही वळवली तर चालेल का?"

ते समोर बघत राहिले. खाली पटावर मुलांची फायनल चालली होती, भोंगे वाजत होते.

"सर, मला पदक पाहिजे. अण्णा रिटायर होतायत. मी नाही वळवली मान, तर तुम्हाला राग येईल?"

काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

"सर, एकदाच."

तिसऱ्यांदाही ते गप्पच राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यापाठोपाठ राग आला. चौदा वर्षं रोज पहाटे सहाला मी या माणसापुढे वाकले होते. नाही म्हणायचं तर नाही म्हणा. 'पुन्हा' म्हणा. पण मी दगडाशी बोलत होते. मी उठले आणि कपडे बदलायला गेले.

फायनलला मी मान वळवली नाही.

हे लिहायला सोपं आहे. चौदा वर्षांची सवय मोडायची म्हणजे काय, ते त्या दीड मिनिटात कळलं. दर वळणाला मान आपसूक निघायची आणि मी दात आवळून तिला समोर धरून ठेवायची. सहा वेळा. शेवटच्या आरोळीनंतर मी वाकले तेव्हा मानेच्या शिरा दुखत होत्या. दुसरा नंबर आला. रौप्यपदक. अण्णांना फोन केला तेव्हा ते पलीकडे नुसतेच "बरं, बरं" म्हणत राहिले आणि मग फोन आईकडे दिला.

दादा माझ्याशी बोलले नाहीत. पदक गळ्यात घालून मी पायऱ्यांपाशी आले तेव्हा सर उभे होते. मी वाकले, त्यांनीही रिवाजाप्रमाणे मान झुकवली. एक शब्द नाही.

रात्री शाळेच्या वर्गात मुक्काम केला आणि सकाळच्या एसटीनं निघालो. दादा मुद्दाम मागे जाऊन बसले. सर उजवीकडच्या बाकावर खिडकीशी होते. त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती ती मलाच घ्यावी लागली. म्हणजे पुन्हा त्यांची डावी बाजू. सातआठ तास. साताऱ्याला मी विचारलं, "सर, चहा आणू?" उत्तर नाही. पुढे एकदा म्हटलं, "सर, चुकलं माझं." ते खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर बघत होते. पदक माझ्या पिशवीत होतं आणि मला ते काढून बघायचीही इच्छा नव्हती. आयुष्यात इतका शिणवटा मला त्यानंतर बाळंतपणातसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शेडवर गेले ती काळा पट्टा घेऊन. आमच्याकडे पट्टा गुरू स्वतः शिष्याच्या कमरेला बांधतो. तो परत करायचा प्रसंग कधी कुणावर आलेला नव्हता, त्यामुळे त्याची रीत काय असते तेही माहीत नव्हतं. सर ताडपत्री झाडत होते. दादा आधीच येऊन भिंतीशी उभे होते, तोंड सुपाएवढं करून. मी सरांच्या समोर जाऊन गुडघे टेकले आणि पट्टा घडी करून त्यांच्या पायांशी ठेवला.

"नैना. हे काय?"

ते मला नैनाच म्हणत. मी नयना शेकटकर.

"पट्टा आहे, सर. परत करतेय."

"का?"

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाही. तरी मी केलं."

"कधी विचारलं?"

"सांगलीला. पायऱ्यांवर. तुमच्या शेजारी बसून तीनदा विचारलं, सर."

"कुठे बसली? इकडे?" त्यांनी उजवा हात पुढे केला.

"नाही. डावीकडे. बसमध्येपण."

सरांनी झाडू भिंतीला टेकवला. मग डाव्या कानावर दोनदा बोट आपटलं, जुन्या डब्यावर आपटावं तसं.

"हा बंद आहे," ते म्हणाले. "मी सात वर्षांचा. लढाई. घराजवळ बॉम्ब. तेव्हापासून बंद."

भिंतीशी दादा सरळ झाले.

"बंद म्हंजी?"

"ऐकू येत नाही, कराळे. काहीच नाही."

"आन् आमाला कधी..."

"आर्मीचं काम. मेडिकल. बहिरा मास्तर कोण ठेवणार? मी लपवलं. मग तुम्ही सगळे उजवीकडूनच आले. नेहमी. मला वाटलं, या लोकांना कळलं आहे. चांगले लोक आहेत, बोलत नाहीत."

मला हसू यावं की रडू, कळेना. चौतीस वर्षं एक माणूस समजत होता की आम्ही त्याचं व्यंग झाकून घेतोय, आणि आम्ही समजत होतो की तो आम्हाला शिस्त लावतोय.

"म्हणजे तुम्ही रागावला नव्हता?" मी विचारलं.

"राग? मी पाहिलं तुझं पूमसे. फार चांगलं. माझ्यापेक्षा चांगलं. बसमध्ये विचार करत होतो, हिने काय वेगळं केलं? सापडलं नाही."

"मी मान वळवली नाही, सर. चाहूल घेतली नाही."

"चाहूल काय?"

मी दादांकडे पाहिलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी उठले आणि ताडपत्रीच्या मधोमध उभं राहून पहिल्या काही हालचाली करून दाखवल्या, मानेसकट. सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे वाकडं कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मी नाही."

"तुमीच, सर!" दादा पुढे आले. कपाटातून त्यांनी ती पुस्तिका काढली, चौदावं पान उघडलं आणि सरांच्या समोर उभं राहून वाचायला लागले. "'चाहूल ही आपल्या शाळेची खूण होय. दिशा बदलण्यापूर्वी साधक क्षणभर मान डावीकडे वळवून न दिसणाऱ्या शत्रूचा कानोसा घेतो. ज्यास चाहूल साधली...'"

आणि दादा थांबले.

कारण सर ऐकत होते. समोर उभ्या असलेल्या दादांचा बारीक आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी उजवा कान पुढे केला होता. मान किंचित डावीकडे वळली होती. हनुवटी डाव्या खांद्याकडे गेली होती. अगदी तीच.

पुस्तिका दादांच्या हातात तशीच राहिली. सरांनाही काहीतरी उमगलं. त्यांनी हळूच स्वतःच्या हनुवटीला हात लावला, ती कुठे आहे ते चाचपून पाहिलं.

"अच्छा," ते म्हणाले. आणि ताडपत्रीवरच खाली बसले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुरुवातीला आकडे कोण म्हणायचं, कराळे? मी पुढे करतो, तुम्ही मागे करता. आकडे कोण म्हणायचं?"

"मी," दादा म्हणाले. "तुमच्या समूर भितीला उभा ऱ्हाऊन. हाना, दूल, सेत. तेरा-चौदा वर्सांचा व्हतो."

"तुझा आवाज लहान. फार लहान. पुढचा आकडा आला की नाही, कळायचं नाही. मी थांबायचो. ऐकायचो." त्यांनी मान वळवून दाखवली. "असा."

दादा मटकन त्यांच्यासमोर बसले. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या. पुस्तिका तोंडावर धरून हुंदके द्यायला लागला. "दुसऱ्या कुनाला सांगायचं ना सर. मोठ्या आवाजाची ढीगभर पोरं व्हती."

"तू रोज पहिला यायचा."

मी उभीच होते. पदकाची, नोकरीची, कशाचीच आठवण नव्हती. जिल्ह्यातले तीन-चार हजार लोक डोळ्यांपुढे आले. कुठे कुठे चौक्यांत, छावण्यांत, शाळांच्या मैदानांवर माना वळवणारे.

"चौतीस वर्षं," सर म्हणाले. ते रागावले नव्हते. खूप लांबून चालत आलेल्या माणसानं चप्पल काढावी तसा त्यांचा आवाज होता. "कोणी विचारलं नाही. का?"

"गुरूला कसं इचारायचं?" दादा म्हणाले.

सरांनी मान हलवली. "मी पण नाही विचारलं. माझे मास्तर तिसऱ्या लाथेनंतर मोठा श्वास टाकायचे. हा! मी पण टाकतो. तुम्ही पण टाकता." ते थांबले. "कदाचित त्यांना दमा होता."

मग त्यांनी माझा पट्टा उचलला, मला जवळ बोलावलं आणि कमरेला बांधला. गाठ ओढताना म्हणाले, "समोर उभी राहा. माझी मान गेली की सांग."

"मी, सर?"

"तुला येतं. मला येत नाही."

दादांनी आकडे म्हटले. त्याच आवाजात. सरांनी पूमसे सुरू केलं. पहिल्या वळणाला मान गेली. ते तसेच थांबून राहिले, माझ्याकडे बघत.

"मान, सर," मी म्हटलं.

त्यांनी ती सरळ केली. दुसऱ्या वळणाला पुन्हा. मान, सर. सहाच्या सहा वेळा. शेवटी ते माझ्यापुढे वाकले, शिष्य गुरूपुढे वाकतो तितके खाली, आणि म्हणाले, "पुन्हा."

त्या सकाळी आम्ही ते अकरा वेळा केलं. मान काही सुधारली नाही. पुढच्या आठ वर्षांतही सुधारली नाही. पण त्या दिवसापासून पुढे उभं राहून शिकवायचं काम माझं झालं आणि सर सगळ्यात मागच्या रांगेत, पांढऱ्या पट्ट्याच्या पोरांमध्ये उभे राहू लागले. मी "मान" म्हटलं की सगळ्यांबरोबर तेही मान सरळ करत. पुढच्या वळणाला ती पुन्हा जाई.

सर दोन हजार सतरामध्ये गेले. मी वनखात्यात लिपिकच आहे. संध्याकाळी शेडवर शिकवते. गुडघे कुरकुरतात. आमच्या पोरांच्या माना आता सरळ असतात, दर वर्षी दोनतीन पदकं येतात. बाहेरगावी आम्हाला आता कुणी लांबून ओळखत नाही. पुस्तिका मी नव्यानं छापली. पान चौदा काढलं. तिसरा नियम ठेवला, फक्त ते हृदयाचं वाक्य गाळलं.

सरांच्या पुण्यतिथीला जुनी मंडळी येतात. कुणी निवृत्त फौजदार, कुणी मास्तर, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला बायपास झालेली. यंदाही आले. कराळेदादा आता बासष्ट वर्षांचे, दुकान मुलगा बघतो. ते भिंतीशी उभे राहिले आणि आकडे म्हणायला लागले. हाना, दूल, सेत. समोर वीसपंचवीस म्हातारे. पहिल्या वळणाला सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे वळल्या. आकडा म्हणता म्हणता दादांचीही वळली.

मी पुढे उभी होते. सहा वेळा माझं तोंड उघडलं आणि सहा वेळा मी ते मिटलं.

माझ्या बाजूला सिद्रा उभी होती. मुकुंदनगरची, सात वर्षांची, पिवळा पट्टा. तिनं सरांना पाहिलेलं नाही.

"मॅडम," ती कुजबुजली, "या सगळ्यांची मान चुकते ना?"

"हो."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"तूच जाऊन विचार की, का वळवता म्हणून."

"विचारू?"

"विचार."

पूमसे संपलं, म्हातारे धापा टाकत बसले. सिद्रा तुरुतुरु दादांकडे गेली. वळसा घालून, उजव्या बाजूनं, कारण नियम तिसरा तिला पाठ होता. जे आम्हा तीन-चार हजार लोकांना चौतीस वर्षांत जमलं नाही ते तिनं अर्ध्या मिनिटात केलं.

"आजोबा, तुम्ही मान का वळवता?"

शेडमध्ये सगळे ऐकायला लागले. दादांनी घाम पुसला. मला वाटलं, आता शत्रूची चाहूल निघणार. ते गुडघ्यावर हात टेकून तिच्याएवढे झाले.

"मी आकडे म्हनायचो, पोरी," ते म्हणाले. "माझा आवाज लई बारीक व्हता. सर ऐकायचे."